एकदाच विचारलं

लीलाकडे जायच्या आदल्या दिवशी आमच्या शमिकाने आईची शाळा घेतली. "आई, तिकडे गेल्यावर आग्रह करत बसू नकोस हं. इथे माणूस नाही म्हणाला की नाही. पुन्हा विचारलंस तर त्याला वाटतं, आपलं म्हणणं हिने ऐकूनच घेतलं नाही."

शमिका इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करते. आंब्याचा व्याप आवरल्यावर, जूनमध्ये, आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. माझ्या बायकोला, म्हणजे ऋजुताला, कुणाचा उपदेश सहन होत नाही. माझा तर मुळीच नाही. पण मुलीचा होतो. तिने शहाण्यासारखी मान डोलावली.

आता आमच्या रत्नागिरीत पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. पाहुण्याने नको म्हणायचं, वाढणाऱ्याने ऐकायचं नाही. पाहुण्याने पानावर आडवा हात धरायचा, वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून का होईना, वाढायचंच. एवढं झालं की दोघांनाही बरं वाटतं. बाहेरच्यांना हा खुळेपणा वाटतो. वाटू दे. आमच्याकडे मुलगी बघण्यापासून वाडी विकण्यापर्यंत सगळं तिसऱ्या नकोनंतरच मार्गी लागतं.

लीला आणि ऋजुता एका आळीत वाढल्या, एका बाकावर बसल्या. लीला लग्न करून मँचेस्टरला गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली. मूलबाळ नाही. गेल्या वर्षी नवराही गेला. शनिवार-रविवार तिच्याकडे राहायचं असं दोघींनी फोनवर ठरवलं आणि मी सामानासारखा बरोबर गेलो.

पावसाचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. पण तो पाऊस मला आवडला नाही. आमचा पाऊस कौलांवर आदळतो, शिव्या देतो, मध्येच दमून थांबतो. हा नुसता हवेत लोंबकळत होता, आवाज नाही की काही नाही. ट्रामच्या थांब्यावर लीला छत्री घेऊन उभी होती. दोघी मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि छत्री माझ्या हातात आली.

"अगो, किती वाळलीस!" ऋजुता म्हणाली.

"आणि तू किती सुटलीस गो!" लीला म्हणाली. इतकी वर्षं परदेशात राहूनही तिचा 'गो' सुटला नव्हता. मला तिथेच काय ते कळायला हवं होतं.

घर विटांचं, दुमजली, एका बाईला फार मोठं. दुपारी लीलाने दुकानातल्या तांदळाच्या पिठाचे घावन केले. पहिला घावन आम्ही संपवला. "अजून एक?" लीलाने विचारलं. "नको नको," ऋजुता म्हणाली. मीही नको म्हणालो. लीलाने गॅस बंद केला आणि पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

वरच्या खोलीत गेल्यावर आम्ही बॅगेतल्या चकल्यांवर तुटून पडलो.

"लीला इकडची झाली हो," ऋजुता तोंडात चकली धरून म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, आणि थोडा रागही आला होता.

संध्याकाळी लीलानेच आपणहून विषय काढला. नव्याने आली तेव्हा तिने शेजारणीला लाडवाचा असा काही आग्रह केला, की ती बाई रडकुंडीला आली आणि नंतर तिने येणंच बंद केलं. "तेव्हापासून मी एकदाच विचारत्ये," लीला हसून म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारायला जीभच उचलत नाही." ऋजुताने माझ्याकडे बघितलं. शमिका म्हणाली ते खरंच होतं तर.

रविवारी पाऊस वाढला. शहर बघायचं राहिलं. आम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसून होतो, आणि लीला एकेक विचारत होती. रत्नागिरीच्या बाहेर, मिरजोळ्याला आमचं घर आहे. वरचा मजला मुलगी-जावई येतील म्हणून आम्ही हौसेने बांधला, आणि कोणी आलं नाही. लीलाला त्या मजल्याबद्दल सगळं हवं होतं. जिना बाहेरून आहे का? पायऱ्या उंच आहेत का? तिचा गुडघा दुखतो, म्हणून म्हटलं हो सहज. जवळपास डॉक्टर आहे का? वरून डोंगर दिसतो की नुसते कारखाने?

"थोडा डोंगर, थोडे कारखाने," मी म्हणालो.

"चालेल की," ती म्हणाली, आणि लगेच उठून ओटा पुसायला लागली.

मग तिने सांगितलं की हे घर ती विकत आहे. एकटीला झेपत नाही. जवळच म्हाताऱ्या माणसांसाठी छोटी घरं बांधली आहेत, त्यातलं एक तिच्यासाठी राखून ठेवलं आहे. हो की नाही, ते महिनाअखेर कळवायचं होतं. "एकदा तिथे गेलं की मग तिथलंच," ती म्हणाली. "पुन्हा हलायचं बळ या वयात कुठून आणायचं?"

ऋजुता ताडकन म्हणाली, "मग आमच्याकडे ये की! वरचा मजला रिकामाच आहे. तूही एकटी, आम्हीही एकटे."

लीलाचा ओट्यावरचा हात थांबला. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. "नको गो," ती म्हणाली. "तुमची कशाला अडचण."

माझी बायको चाळीस वर्षं माझ्याशी भांडत आली आहे. कुणाचं नको तिने पहिल्या फेरीत कधी मानलेलं नाही. भांडी विकायला येणाऱ्या बाईलासुद्धा ती चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तिने तोंड उघडलेलं मी बघितलं. आणि ते मिटलेलंही मीच बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "तुला योग्य वाटेल तसं कर."

लीला वळली. तिने आमच्या भरलेल्या कपांत अजून चहा ओतला. तो बशीत सांडला.

स्टेशनवर ती सोडायला आली. गाडी दिसायला लागल्यावर म्हणाली, "वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवणार आहात का गो?"

"अजून काही ठरवलं नाही," ऋजुता म्हणाली. गाडी आली. लीला काचेपलीकडे उभी राहून हात हलवत राहिली.

गाडीत ऋजुता खूश होती. "शमिकाला सांगा हं. एकदाच विचारलं."

"मला तिचं नको आपल्याकडचं वाटलं," मी म्हणालो.

"तीस वर्षं तिथे राहिल्ये ती! घावनाचं बघितलंत ना?"

बघितलं होतं. रिकाम्या पोटी माणसाला पुरावा पटकन पटतो.

आम्ही मिरजोळ्याला परतलो, आणि श्रावणात लीलाचा फोन आला. मी वर्तमानपत्र वाचत होतो, फोन टेबलावर स्पीकरवर होता, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं. नवीन जागा छान आहे, खिडकीतून बाग दिसते, जिना चढायला लागत नाही. मग इकडचं तिकडचं झालं आणि लीला हसत म्हणाली, "खरं सांगू? मी बॅगा भरायच्या तयारीत होते गो. तू आणखी एकदा विचारशील म्हणून ओट्याशी उभी राहिले. मग वाटलं, स्टेशनवर विचारेल. मग वाटलं, फोनवर. महिना संपेपर्यंत वाट बघितली. नाही विचारलंस, तेव्हा म्हटलं, आपलं ओझं कुणाला कशाला."

ऋजुताचा चेहरा उतरला. तिला इतकी हरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"लीले, आत्ता ये," ती म्हणाली.

"नको गो."

"ये म्हणत्ये ना. मी घ्यायला येत्ये तिकडे."

"नको."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. अहो, तुम्ही सांगा तिला!"

मी फोन ओढून घेतला. "लीलाताई, या हो. मी जिन्याला कठडा बसवून घेतो."

मग लीला अगदी शांतपणे म्हणाली, "भावजी, आता खरंच नको. घर गेलं. होतं ते सगळं या जागेत घातलं. गुडघा आता पाऊल टाकू देत नाही, डॉक्टर विमानाचं नावसुद्धा काढू देत नाहीत. आता नाही जमायचं."

ऋजुता पदराने डोळे पुसत होती. "मी मूर्ख," ती म्हणाली. "मी एक मूर्ख, आणि ती माझी पोरगी दुसरी."

"नाही गो, रडू नकोस," लीला म्हणाली. "पण एक कर. विचारत जा. मी नकोच म्हणेन. तरी विचारत जा. इथे कुणी विचारत नाही."