कोरड्या पुंगळ्या

लाइल ट्रक घेऊन निघाल्याचा निरोप आला, तेव्हा व्हर्ना गॅरेजमध्ये पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या ताटात ओतत होती. झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरता याव्यात म्हणून साच्यात दाबून आकारात आणणारे तिचे हातयंत्र आज पुतण्याच्या, लाइलच्या, घरी जायचे होते. निर्णय नवऱ्याचा, ऑरिनचा. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला यंत्राचा दांडा ओढणे जड जात होते. त्याअर्थी ती थकली, असे त्याने, आपल्या इतर सिद्धान्तांप्रमाणेच, नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केले होते.

"पिस्तुलाचा साचा कठीण धातूचा आहे. त्याला वंगण लागत नाही," तो म्हणे. स्वतःच्या रायफलीच्या पुंगळ्यांना मात्र तो तान्ह्या बाळाला तेल चोळावे तसे वंगण चोळी. रायफलीला ते लागतेच, हे खरे होते. अर्धसत्याला आधार म्हणून तेवढे पुरते.

आज तिने त्याच्याच फळीवरची वंगणाची बाटली उचलली. मेंढीच्या लोकरीची चरबी, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. फवारली, ताट हलवले, आणि थांबली. स्पिरिट उडून जाईपर्यंत चरबी बसत नाही. ओली पुंगळी साच्यात अडकते. आणि आज एक जरी अडकली, तरी ऑरिन बरोबर ठरणार.

आयडाहोच्या नोव्हेंबरात काहीच लवकर वाळत नाही. तिने फुंकर मारली. केस वाळवण्याचे यंत्र आणले. स्पिरिटची वाफ आणि तापलेली तार आठवून परत ठेवले. दारापर्यंत गेली, आली. एक पुंगळी बोटांत फिरवली: अजून गार, अजून ओली. बाहेर खडीवर चाके करकरली.

"काकू, कॉफी मिळेल का? तोवर हे सोडवतो." लाइलने पाना यंत्राच्या बोल्टला लावलासुद्धा.

"थांब रे, वाळतंय."

"वाळतंय म्हणे!" दारातून ऑरिन हसला. "दर वेळी हिचं काहीतरी नवीन. तू सोडव रे."

एक बोल्ट निघाला. दुसरा निघाला. व्हर्नाने पुन्हा पुंगळी चाचपली. आता बोटांना मेणचट लागली. लाइलला कोपराने बाजूला सारून तिने ती साच्याखाली ठेवली आणि दुखऱ्या हाताने दांडा खाली ओढला.

तो अलगद गेला.

लाइलने डब्यातली एक कोरडी, वंगण न लावलेली पुंगळी घेऊन जोर लावून दांडा ओढला आणि तोंड वाकडे केले. "काका, हे असं ओढायला लावत होतात काकूला? आमच्या नेमबाजीच्या क्लबात सगळे पिस्तुलाच्या पुंगळ्यांनाही वंगण चोळतात की!"

ऑरिनने घसा खाकरला. "मग हिनं विचारायचं नाही का मला?"

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिले. पुढची पुंगळी उचलली. अर्धवट सुटलेले यंत्र डुगडुगत होते.

"लाइल," ती म्हणाली, "बोल्ट घट्ट कर. आणि कॉफी तुझ्या काकांकडून घे."