घरच्या टमाट्यांचा पिझ्झा

अश्वजितनं मैत्रेयीच्या थोबाडीत मारली तेव्हा पिझ्झ्याचा पहिला घास तिच्या ओठांना नुकताच लागला होता. तुकडा उडून चुलीच्या राखेत पडला. पोरगी भिंतीवर आपटली आणि तिचा खालचा ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं. नऊ वर्षांची पोर. माझ्याशिवाय तिच्या अंगाला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं.

मी काय केलं ते लपवत नाही. हातात लोखंडी सराटा होता, भाकर उलटायचा. तोच त्याच्या डोक्यात घातला. हा माझा धाकटा दीर. माझं लग्न झालं तेव्हा बारा वर्षांचा होता, माझ्याच ताटात जेवून वाढला. पण त्या क्षणी मला तो कुणीच नव्हता.

"काहून मारलं पोट्टीले? हात तोडीन तुहा!"

तो माझ्याकडे बघेचना. कानामागून रक्त गळतंय, आणि हा मैत्रेयीचा जबडा दाबून तोंडात बोटं घालतोय. "थुक! थुक म्हणतो ना!" मी त्याच्या पाठीत दुसरा वार केला, मग तिसरा. पाठ ओलीचिंब होती. शर्टाला असा उग्र वास होता की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं.

"टमाटे कुठून आणले, वहिनी?"

"नागोरावच्या वावरातून! माह्याच तासातले!"

"फवारलं मी सकाळी तिथं! तिसऱ्या खेपेचं औषध, लई जहरी! फडकं बांधलंतं ना धुऱ्यावर!"

"नव्हतं फडकं! मी काय आंधळी हाओ?"

हे दोन हजार सतरा सालचं. त्या वर्षी आमच्या घाटंजीकडे कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती. अळी काही मरत नव्हती, फवारणारी माणसं मात्र पडत होती. मैत्रेयीला श्रावणात कावीळ झाली, तेव्हा डॉक्टरनं बाहेरचं खाणं बंद केलं. पोरीनं मोबाइलवर पिझ्झा पाहिला आणि महिनाभर डोकं खाल्लं. मीही हट्टाची. म्हटलं, करते, पण सगळं घरचं. घरचे गहू, थोडी ज्वारी, दह्यात मळलेलं पीठ, बकरीचं दूध फाडून केलेलं पनीर. कढईत जाड मीठ तापवून त्यावर ताटली ठेवली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. वास असा सुटला की शेजारीण दोनदा डोकावून गेली. मोठ्या तोऱ्यात तिला म्हणाले, "बाजारातलं काहीच नाही यात बाई, दवाई-खताचं तर नाहीच नाही!"

टमाटेही घरचेच म्हणायचे. नागोराव आमचा मालक, त्याच्या वावरात मी निंदायला जायची आणि अश्वजित रोजानं फवारायला. आमच्याकडे निंदणाऱ्या बायका मालकाच्या कपाशीत आपलं एखादं तास, म्हणजे एक ओळ, लावतात. अंबाडी, भेंडी, टमाटे. त्या तासाला मालक हात लावत नाही. खत नाही, फवारणी नाही, म्हणून ते शुद्ध, असं आम्ही समजतो. बाजूच्या कपाशीवर काय पडतं ते आमच्या झाडांवरही पडतं, एवढी साधी गोष्ट. म्हणून तर फवारलं की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाल फडकं बांधायचं. ते दिसलं की आठ दिवस कुणी बाई आत जात नाही, कापूस वेचायलाही नाही आणि भाजी तोडायलाही नाही. ते फडकं माझ्याच जुन्या लुगड्याचं होतं, पिवळ्या काठाचं. मीच फाडून दिलं होतं अश्वजितला. दुपारी मी गेले तेव्हा काठीला काही नव्हतं.

"खोटं बोलून राह्यला तू," मी ओरडले.

तो काहीतरी म्हणणार होता. त्याचे ओठ थरथरले, तोंडातून फेस आला, आणि तो चुलीपुढे आडवा कोसळला. हातपाय झाडू लागला. मला वाटलं, मीच मारला. माझ्या हातानं मेला माझा अश्वजित.

मैत्रेयीचे बाबा ट्रकवर, हैदराबादच्या रस्त्याला. मी बोंब ठोकली तसा गल्लीतला कय्युमभाई आटो घेऊन आला. पोरगी एका मांडीवर, दिराचं रक्ताळलेलं डोकं दुसऱ्या मांडीवर, असे आम्ही यवतमाळला पोचलो. डॉक्टरनं विचारलं, डोकं कशानं फुटलं? मी सांगितलं, मी फोडलं. तो म्हणाला, त्याला पाच टाके पुरतील. बाकीचं विष आहे, दिवसभर कातडीतून आत गेलेलं.

मैत्रेयी वाचली. घास गिळलाच नव्हता. अश्वजित तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, पण डोळे उघडले तरी त्याला काही दिसत नव्हतं. पहिलं काय विचारलं, तर, "वहिनी, लई जोरात लागली काय तिले?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन कपाळ बडवून घेतलं.

कपडे न्यायला घरी आले, तर कढई तशीच होती. मिठावरच्या ताटलीत पिझ्झा वाळून कडक झालेला. गावात कानावर आलं की नागोराव सांगत फिरतोय, माझ्या वावरात फवारणी झालीच नाही, पोट्टं दारू पिऊन पडलं. मी ती ताटली उचलली आणि त्याच्या घराकडे निघाले. अंगणात नागोराव खुर्चीत, आणि भोवती चार माणसं चहा पीत बसली होती. त्याची फटफटी उभी होती, आणि सीटखाली पुसायला खोचलेलं होतं लाल फडकं, पिवळ्या काठाचं.

डोकं फिरलं माझं.

"फडकं तू सोडलं ना? बाया येचाले येणार नाहीत म्हून?"

"कायचं फडकं? फवारलंच नाही तर फडकं कायले?"

"नाही फवारलं? मंग खा. तुह्याच वावरातलं आहे."

तो बसल्या जागी हसला. मी त्याची कॉलर धरली, खुर्चीसकट खाली पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. त्यानं दात आवळले, माझं बोट चावलं, नखाखालून रक्त आलं. मी हात काढला नाही. तुकडा आत गेला तसा माझ्याकडून सुटून तो नळावर धावला. चूळ भरली, थुंकला, परत भरली. जिभेला माती लावून घासली, घशात बोटं घालून ओकला. "मेलो, मेलो," म्हणत होता. चौघांच्या हातातले कप तसेच राहिले.

त्याची बायको हंसाबाई दारात उभी होती. ती खाली उतरली, फटफटीचं फडकं उपसलं आणि माझ्या हातात दिलं.

"चाल ठाण्यात," ती म्हणाली. "मी सांगतो, यानं कवा सोडलं ते."

नागोराव अजून चुळाच भरत होता.