सातेकीचा रकाना

सातेकी ग्रुपमधून बाहेर पडला तेव्हा फुसी आईला मऊ रताळं भरवत होती. फोन वाजला, तिने डाव्या हाताने उचलून बघितला आणि परत चटईवर ठेवला. भावाला ग्रुपमध्ये येऊन धड एक तासही झाला नव्हता.

ग्रुप काढला होता फुसीच्या लेकीने, लेसिएलीने, ऑकलंडमध्ये बसून. घराण्यातली त्रेचाळीस माणसं त्यात गोळा केली होती. कोणी ऑकलंडचं, कोणी सिडनीचं, कोणी नुकुआलोफाचं. म्हातारीपाशी टोंगातल्या फोआ बेटावर उरली होती एकटी फुसी. म्हातारीच्या पायाची जखम चिघळत चालली होती आणि साखर काही केल्या खाली येत नव्हती. म्हणून लेसिएलीने ग्रुपबरोबर एक यादीही केली होती, सगळ्यांना उघडून लिहिता येईल अशी. प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना. कोणी औषधं लिहिली, कोणी डायपर, तर फुसीच्या सिडनीतल्या थोरल्या जावेने तीन चटया लिहून टाकल्या. एवढ्या चटया घरात मयतीलाच लागतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. सातेकीचा रकाना रिकामा होता.

त्या दिवशी कुठल्याशा वात्रट पुतण्याने ग्रुपवर एक चावट चित्र टाकलं. पोरं खिदळायला लागली. ग्रुपमध्ये सातेकीही होता आणि फुसीही, याचं भान एकाही शहाण्याला राहिलं नाही. सातेकी तत्काळ निघून गेला.

लेसिएलीने लगेच फोन केला. "आई, मामा चिडले का गं? की यादी बघून पळाले?"

"चिडतोय कशाला? मी होते ना तिथे."

"मग? तू काय खाणार होतीस त्यांना?"

"तुला नाही कळायचं. तिकडेच वाढलीस तू. बहीण बसलीय तिथे असलं काही निघालं, तर भाऊ उठून जातो. माझ्या बापानेही हेच केलं असतं."

मनातून फुसीला बरंच वाटलं होतं. वयात आल्यापासून दोघं एका खोलीत झोपली नव्हती, एका बाकावर बसली नव्हती. निरोप जायचे ते तिसऱ्याच्या तोंडून. फोनवरच्या त्या ॲपमध्येही तिने त्याला जोडून घेतलं नव्हतं आणि त्याने तिला. तिथे ज्याला त्याला म्हणायचं 'मित्र', आणि सख्खा भाऊ मित्र कसला?

पण ग्रुप सुटला तो सुटलाच. सातेकी ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराला द्राक्षांच्या तोडणीवर होता. पुढच्या पंधरवड्यात म्हातारी खचली. फुसीने ग्रुपवर लिहिलं, "आईचं काही खरं नाही. सातेकीला कळवा." एक्केचाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. हात जोडायला लागतं काय? बोट तेवढं हलवायचं. शेवटी कळवलं ते लेसिएलीनेच.

"वाचलंय मामांनी. उत्तर नाही दिलं," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. यादीत पण कोराच आहे त्यांचा रकाना."

म्हातारी रोज सकाळी डोळे उघडले की विचारायची, "सातेकीचं काही आलं?"

"निघालाय गं," फुसी म्हणायची.

असं ती एकोणीस दिवस म्हणाली. विसाव्या दिवशी सकाळी म्हातारीने काही विचारलं नाही. दुपारी फुसीने भात गरम करून आणला तेव्हा ती गेलेली होती.

आता मात्र सगळे आले. लेसिएली आली, सिडनीची जाऊ तिच्या तीन चटया घेऊन आली, आणि दफनाच्या आदल्या दिवशी सातेकीही आला. आला तो थेट परसात गेला, चुलीच्या खड्ड्यापाशी. कंबरेला सुतकाची फाटकी चटई गुंडाळून डुकरं साफ करत बसला. आत, जिथे आईपाशी फुसी बसली होती, तिथे तो फिरकला नाही. हीच रीत. पण त्या दिवशी फुसीला रीतसुद्धा टोचली. एवढा भला भाऊ, आई जिवंत होती तेव्हा दोन शब्द लिहायला याचे हात झडले होते काय?

तिने लेसिएलीला बोलावलं. "जा, मामाला सांग. चूल पेटवायला बरा वेळेवर आलास म्हणावं. आई होती तेव्हा वाट सापडली नाही का?"

"आई, असं नको ना..."

"जा म्हणते ना."

लेसिएली गेली आणि परत आली.

"काय म्हणाला?"

"नारळ फोडत होते. हात थांबला त्यांचा. मग म्हणाले, ताईंना सांग, त्यांचं बरोबर आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

फुसीला वाटलं होतं, भांडेल, सबबी सांगेल, रडेल तरी. त्याने निमूट मान खाली घातली याचाच तिला जास्त राग आला. दफन झालं, आठवड्याच्या बोटीने सातेकी निघून गेला. "यादीतून त्याचं नाव काढून टाक," फुसी लेकीला म्हणाली, आणि लेसिएलीने तो रकाना पुसला.

दफनानंतर दहाव्या दिवशी सकाळी बायका थडग्यावर पसरायचे काळे खडे धुऊन त्यांना खोबरेल लावत बसल्या होत्या. फुसीचे हात तेलाने माखलेले. लेसिएलीने दफनाचे फोटो ग्रुपवर टाकायला आईचा फोन घेतला आणि बघता बघता म्हणाली, "आई, हे काय? तुझ्या अनोळखी माणसांच्या कप्प्यात तीन मेसेज पडलेत."

"कसला कप्पा?"

"ज्यांना आपण जोडलेलं नसतं ना, त्यांचे मेसेज वेगळे ठेवतात. आपण उघडून बघितल्याशिवाय कळत नाही." मग तिचा आवाज बारीक झाला. "आई, मामांचे आहेत."

तिने वाचून दाखवलं. पहिला सव्वा महिन्यापूर्वीचा होता.

"ताई, तुम्हाला थेट लिहितोय, माफ करा. मध्ये कोणाला घातलं तर सगळ्या ग्रुपवर बोभाटा होईल. लेसिएली म्हणते आई खचलीय. तोडणी अजून पाच आठवडे आहे. मधेच सोडली तर मुकादम पुढच्या वर्षी बोलावणार नाही. पण तुम्ही थोरल्या. तुम्ही ये म्हणालात तर उद्या निघतो."

दुसरा चार दिवसांनंतरचा. "ताई, बॅग भरून ठेवलीय."

तिसरा त्यानंतर आठवड्याने. "तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणजे मी इथेच राहून काम पुरं करावं, असं तुमच्या मनात असणार. तसंच करतो. आईला सांगा, संध्याकाळच्या प्रार्थनेला मी तिच्याच वेळेला उभा राहतो."

फुसीला आपलाच निरोप आठवला, वाट सापडली नाही का. तो तिच्या एका शब्दासाठी तिकडे बॅग भरून बसला होता आणि इकडे ती आईला खोटं सांगत होती. आईला तो हवा होता. तो यायला तयार होता. मधे फक्त तिचा फोन होता, तिच्याच उशाशी.

"खाली काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"ॲप विचारतंय," लेसिएली रडत म्हणाली. "या माणसाला तुम्ही ओळखता का?"

फुसीने कंबरेच्या कापडाला हात पुसले, पण तेल काही निघालं नाही. तेलकट बोटानेच तिने 'हो' दाबलं. मग फोन डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर शोधत तिने त्याला आयुष्यातला पहिला मेसेज लिहिला.

"ये."

लेसिएलीने तो वाचला. "आई, आता कशाला?"

"त्याने विचारलं होतं," फुसी म्हणाली.