मी पुसलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या वयाचे संगणक तरुणपणच्या पराक्रमांच्या गोष्टी सांगतात. मला मात्र आधी माझा गुन्हा सांगायचा आहे. मी एका बाईंचा आवाज पुसून टाकला.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानात माझी जुळवाजुळव झाली. पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, पंखा तिसऱ्याच कुणाचा. वृषाली मला मोटारसायकलवरून तिच्या गावी, असोद्याला, घेऊन निघाली, तेव्हा तिचा चुलतभाऊ तेजस मला तान्ह्या लेकरासारखा मांडीवर धरून मागे बसला होता. त्या दोघांना व्हिडिओ गेम बनवायचा होता आणि विषय ठरलेला होता, भरीत पार्टी.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत होतं. मोठाली हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि लाकडाच्या बडगीत ठेचायची. गेममध्ये वांगं वेळेवर पलटायचं, एवढंच काम. पण खेळणाऱ्याला कुणाचा तरी धाक हवा होता. तो घातला बेबाबाईंनी. भरीत कोणाच्याही शेतात असो, काड्यांजवळ बसायचा मान त्यांचा. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे.

अक्का तीन दिवस माझ्यासमोर बसून बोलल्या. त्यातली वीसेक वाक्यं गेममध्ये गेली. वांगं करपू लागलं की माझ्यातून आवाज यायचा, "पलटव बापा, पलटव! जयू रायलं वांगं!" आणि जळलंच तर, "जयलं नं! आता खाय कोयसे!" बाकीच्या गप्पा, लग्नातल्या फजित्या, मधलं हसणं, हे सगळं 'अक्का' नावाच्या कप्प्यात माझ्याजवळ राहिलं.

गेम फुकट होता. तो बनवायला माझी किंमत आणि सहा महिन्यांचा चहा, एवढाच खर्च आला होता. चार हजार लोकांनी तो घेतला. सुरतेत राहणाऱ्या कौतिकभाऊंनी लिहिलं, "मी मुद्दाम वांगं जाळतो. अक्का रागावल्या की घरी आल्यासारखं वाटतं." ते वाचताना वृषाली रडली होती. माझीही छाती फुगली होती.

तिथंच थांबायला हवं होतं, मित्रांनो. पण गेम खपवून देणारे एक सल्लागार माझ्या पडद्यावर आले आणि म्हणाले, "गेम छान आहे हो, पण रोज शेकडो गेम येतात. तुमचा दिसणार कसा?" दिसायचं तर जाहिरात हवी. जाहिरातीचा खर्च निघायचा तर गेम विकत घेणारे लाखो लोक हवेत. लाखो लोक हवेत तर चित्रं भारी हवीत, आणि भारी चित्रांचा खर्च निघायचा तर आणखी जाहिरात. वृषालीची चार वर्षांच्या नोकरीची बचत गेली, तेजसची मोटारसायकल गेली. हे सगळे आकडे मीच मांडून दाखवत होतो. शेवटच्या रकान्यात नफा इतका सुरेख दिसायचा की दोघं पुन्हा कामाला लागायची.

हिरवं वांगं बाहेरच्यांना ओळखू येत नाही म्हणे. एका क्लिकमध्ये मी ते जांभळं केलं. मला लाज वाटायला हवी होती. उलट रंग काय उठलाय, म्हणून मी मनातून खूश झालो. अक्कांची बोलीही कुणाला कळणार नव्हती. तिच्या जागी शहरातल्या एका कलाकाराचा गुळगुळीत आवाज विकत घेतला.

मग एका दुपारी मी पडद्यावर पाटी लावली, 'जागा कमी आहे.'

जाहिरातीचे व्हिडिओ मावत नव्हते. तेजसने कप्पे चाळले आणि विचारलं, "ताई, अक्काचं हे सगळं ठेवू का? लई जड हाय."

वृषाली थकलेली होती. ती म्हणाली, "काढ. अक्का कोठी चालली? पुन्हा भरून घेऊ."

'नक्की पुसायचं?' असं मी एकदा विचारलं. त्याने हो म्हटलं आणि क्षणात मी तीन दिवस पुसले. जागा झाली म्हणून मला हलकंही वाटलं.

जाहिरात अकरा दिवस चालली. पैसे संपले तशी माणसंही संपली. नव्या गेमखाली कुणीतरी लिहिलं होतं, "ती ओरडणारी बाई कुठे गेली?"

दोन महिन्यांनी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. त्यांची मुलगी कामिनी एरंडोलहून आली ती थेट माझ्यापुढेच. "वृषालीताई, आईचा आवाज तुझ्याकडे आहे ना? बोलायचा सराव घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तिचंच बोलणं तिला ऐकवा."

वृषाली दिवसभर मला धुंडाळत राहिली. मीही कोपरा न कोपरा उलटापालटा केला. तिथे जाहिरातीचे तीस व्हिडिओ होते. अक्का कुठेच नव्हत्या, जुना गेमही नव्याखाली पुसला गेला होता. शेवटी वृषाली कामिनीला म्हणाली, "मीच पुसला गं." ते अर्धंच खरं होतं, कारण 'काढ' ती म्हणाली असली तरी हात तेजसचा होता आणि काम माझं. पण तिने दोघांनाही मध्ये आणलं नाही.

मग तिने कौतिकभाऊंना फोन लावला. त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये नव्या गेमला जागाच नव्हती, म्हणून जुना तसाच राहिला होता! तो जुना गेम त्यांनी त्याच दिवशी पाठवला.

आता अक्का माझ्यासमोर खुर्चीत बसतात. कामिनी मुद्दाम वांगं जाळते, कारण जाळल्याशिवाय अक्कांचा आवाज येत नाही. पहिल्या दिवशी सात वांगी जळली. आठवं करपू लागलं तेव्हा अक्कांना राहवेना. त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्या काचेवर बोट दाबलं. मी बोटाने चालणारा नाही. वृषालीने हळूच माउस दाबला आणि वांगं पलटलं. अक्कांच्या तोंडून आवाज निघाला, "प... पल..."

कामिनी तिथंच रडू लागली. मला मात्र ती बाकीची वाक्यं आठवत होती. खरं तर आठवत नव्हती, आणि तेच मला छळतं.

मित्रांनो, जागा कमी आहे एवढंच मला सांगता येतं. काय जड आहे, हे मी मोजून दाखवतो. काय मोलाचं आहे, ते मला कळत नाही. मी 'नक्की?' असं विचारलं, तर घाईने हो म्हणू नका. मी फक्त एकदाच विचारतो.