सात नंबरचं उत्तर

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. पुराचा अंदाज बांधणाऱ्या कचेरीत आम्ही आठ भावंडं एका खोलीत राहत असू. धरणावरून आकडे येत. ते वाटून घेऊन आम्ही गणित करायचो, पाणी कुठल्या वस्तीत कधी शिरेल ते सांगायचो. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचला नाही, की सगळ्यांचंच काम अडे.

आमची देखभाल काकू करत. रोज सकाळी माझ्यासमोर बसून त्या 'पिंग' टाइप करत. म्हणजे मी एकेका भावंडाला हाक मारायची, 'आहेस का?' पापणी लवायच्या आत उत्तर येई, 'आहे!'

एका सोमवारी सात नंबरने उत्तराला उशीर लावला. मंगळवारी दहा हाकांपैकी चार वाया गेल्या.

"साहेब, लक्षण बरं नाही. तासभर काम थांबवून बघू द्या," काकू म्हणाल्या.

"आठातला एक गेला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"वरच्या खोऱ्यात कोसळतंयच की, साहेब."

साहेब हसले. "पाऊस ओसरला की बघू."

बुधवारी दुपारी सात गप्प झाला. मग तीन. मग पाच. मी हाका मारत राहिलो आणि पडद्यावर एकच ओळ उमटत राहिली, 'उत्तर नाही'. गणित अर्ध्यावर थांबलं. धरणाचे आकडे मात्र चढतच होते.

काकू कपाटामागे वाकल्या. आम्हा सगळ्यांना जोडणाऱ्या पेटीवर कुणीतरी जुन्या फायलींचा ढीग रचला होता. पेटी तव्यासारखी तापली होती. बोटं भाजत असतानाच त्यांनी एकेक वायर उपटली आणि दुसऱ्या पेटीत खोचली. पुन्हा पिंग. तीन बोलला. पाच बोलला. बऱ्याच वेळाने सातही बोलला.

गणित पुरं झालं, पण दोन तास उशिरा. खालच्या वस्तीतली माणसं नेसत्या कपड्यांनिशी शाळेच्या गच्चीवर चढली. नदीकाठच्या पंपघरातल्या राखणदाराला काकू फोन लावत राहिल्या. "उचला हो दादा, उचला..." पलीकडे घंटा वाजत होती. मग तीही थांबली.

राखणदार सापडला नाही.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, यंत्र एकाएकी मरत नाही, आधी अडखळतं. तेव्हाच थांबा, हात लावून बघा. मला इथे ठेवायला आल्या तेव्हा काकू स्वतःशीच पुटपुटल्या होत्या, "दोन तासांत तो चालत घरी पोचला असता."