जावईबापू आणि मागून येणारी गाडी

मी सांगते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या तोंडात उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता पडू देत!

आमचे जावईबापू धावतात. मागे कुत्रं लागलेलं नसताना, बस सुटत नसताना, कुठे जायचंसुद्धा नसताना धावतात आणि निघाले तिथेच परत येतात. एवढ्या अकलेला माझ्याकडे एक चांगला शब्द आहे, पण लेकीच्या तोंडाकडे बघून मी तो गिळते.

पहाटे उठायचं, घासू नये म्हणून छातीला चिकटपट्ट्या लावायच्या, मांड्यांना व्हॅसलिन फासायचं. लग्नाच्या दिवशी एवढी तयारी केली नव्हती ह्या माणसाने. मनगटावरचं घड्याळ किलोमीटर मोजतं. एकदा घरात शिरले तर घड्याळात नऊ किलोमीटर नऊशे चाळीस मीटर. दहाला साठ मीटर कमी! गृहस्थ बूटही न काढता मोरीपासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारत सुटले. मधे मी भाजी निवडत बसलेली. दोनदा मला ओलांडून उडी मारली. पायाचं काळं पडलेलं नख गळलं, ते काडेपेटीत जपून ठेवलंय, पाहुण्यांना दाखवायला. पाहुणे हल्ली येत नाहीत.

"आई, धावताना माणूस स्वतःला भेटतो," एकदा मला म्हणाले.

"मग त्याला घरीच बोलवा की. चहा टाकते."

त्यांचं काम लिफ्ट दुरुस्त करायचं. दिवसभर त्या अंधाऱ्या भोकात लोंबकळायचं, ग्रीसने काळं व्हायचं. म्हणे, "आज दुरुस्त केलेली लिफ्ट उद्या परत बंद पडते. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी हवी, आई, की झाली म्हणजे झाली." आता ह्यासाठी बेचाळीस किलोमीटर कशाला? मी रोज भांडी घासते. ती झाली म्हणजे झाली असं मला तरी कधी दिसलं नाही. पण मी कुठे धावत सुटले?

तर ही बेचाळीसची शर्यत त्यांची दोनदा अर्धवट राहिली होती. शर्यतीच्या मागून एक गाडी येते, गोगलगायीच्या चालीने. तिने तुम्हांला मागे टाकलं की खेळ खलास. आत बसायचं आणि एक बाई कात्रीने छातीवरचा नंबर कापून घेते. गाडी शेवटच्या, हवा भरून फुगवलेल्या कमानीशी पोचली की कमानही बंद. जावईबापूंचा नंबर दोन्ही वेळा कात्रीने गेला. तिसऱ्यांदा निघताना लेकीला म्हणाले, "ह्या वेळी नाही जमलं तर बूट टाकून देतो. परत नाव काढणार नाही." लेक आतल्या खोलीत जाऊन रडली. मी बुटांसाठी पिशवी शोधून ठेवली.

त्या दिवशी लेक शर्यतीतल्या पाण्याच्या टेबलावर होती आणि मला शेजारी स्टुलावर बसवलं होतं. पुढचे गेले ते निदान बघण्यासारखे होते. मागचे बघवेनात! एक जण वाकडा, एक जण कण्हतोय, एक जण झाडाला मिठी मारून उभा. स्वतःच्या खुशीने हं हे सगळं! ऊन चढलं, माझे गुडघे बोलायला लागले. तेवढ्यात एक थंडगार, पडदेवाली गाडी हळूहळू आली. मला वाटलं, बघ्यांची सोय असेल. हात केला नि चढले.

आत सात-आठ बाप्ये तंगड्या पसरून केळी खात बसलेले, चेहरे नापास झाल्यासारखे. पुढच्या सीटवर कात्री घेऊन ती बाई. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पण एकदा टेकल्यावर उठतंय कोण?

पुढच्या वळणावर आमचं ध्यान दिसलं. सगळ्यांत शेवटी. त्याला धावणं म्हणत असतील तर मी पाट्यावर वाटण वाटते तेही धावणंच. गाडी अगदी शेजारी आली. मी काच खाली केली.

"जावईबापू! खिडकीची जागा राखून ठेवलीये!"

ते दचकले. "आई? तुम्ही ह्या गाडीत?"

"हो ना. भेटलात का स्वतःला? का तोही केळं खातोय इथे आत?"

"आई... बोलवत नाही हो मला."

"बोलू नका, पाय उचला. मघाशी एक कासव पुढे गेलं, लाज वाटली मला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ, ओठ फाटलेले. "मला नाही बसायचं आत," एवढंच म्हणाले. लहान पोराच्या आवाजात. पाच किलोमीटर बाकी होते. कात्रीवाली उठून दाराशी आली.

आणि तेवढ्यात माझ्या पोटात ढवळलं. ढवळणारच! गाडी कसली ती, पाळणा! गचके खात, रांगत रांगत. मी पदर तोंडाला लावला नि ओरडले, "थांबव रे बाबा, उलटी!"

ड्रायव्हरने ब्रेक मारला. नवीन सीटकव्हरं होती त्याची. मी उतरले, गटाराशी वाकले, चांगली वाकून राहिले. वर आले तेव्हा जावईबापू वळणाआड गेले होते. परत गाठलं त्यांना, परत माझं पोट ढवळलं. तिसऱ्या वेळी कात्रीवाली भडकली.

"आजी, मघाशी झाली ना उलटी?"

"झाली कुठे? होता होता राहिली. उलटी म्हणजे काय ऑफिस आहे, वेळेवर यायला?"

"तुम्हांला इथेच उतरवते."

"उतरव. म्हातारीला भर उन्हात रस्त्यावर टाकलं म्हणून सगळ्यांना सांगेन. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, ह्या केळीवाल्यांना विचार."

मागे बसलेल्यांतला एक ढेरपोट्या केळं खाली ठेवून म्हणाला, "ताई, मलाही मळमळतंय." मग त्याच्या शेजारच्याला. मग सगळ्या गाडीलाच. ज्यांना धावता आलं नाही धड, त्यांना उलटीसुद्धा स्वतःची सुचू नये? माझीच नक्कल! पण उतरले मात्र एकजात, गटाराशी ओळीने वाकले, आणि एकेकाचं उरकेना. ड्रायव्हर सीटवर रेलून खुशाल गाणी ऐकत होता.

आम्ही पोचलो तेव्हा कमानीची हवा सोडायला माणूस तयारच होता. जावईबापू पलीकडच्या बाजूला फुटपाथवर पालथे पडलेले, गळ्यात ताटलीएवढा पत्रा. लेक टेबल आवरून रिक्षाने आधीच पोचलेली, त्यांच्या पायाशी बसून हसतेय की रडतेय ते कळेना. मला बघून जावईबापू तशाच अवस्थेत उठले, लंगडत आले.

"आई, झालं. झालं म्हणजे झालं. तुमचं पोट कसंय आता?"

"तुमचा अवतार बघून परत ढवळतंय," मी म्हटलं. "आणि तो पत्रा आधी पुसा, घामाने गंजेल."

तर हे असं. सगळं खरं. एकच गोष्ट जरा पदरची घातली. माझं पोट त्या दिवशी ठणठणीत होतं, दगड पचवला असता. पण जावईबापूंच्या कानावर जाऊ देऊ नका. फार सरळ माणूस आहे. म्हणेल ही शर्यत धरायची नाही, आणि पहाटे परत छातीला पट्ट्या लावत बसेल.