मागच्या जिन्याचा दर

“दोन रुपये! घरटी दोन रुपये मागतेय ती मालन,” श्यामसुंदरने टेबलावर पेन्सिल आपटली. “कचरा उचलायचे! उद्या म्हणेल, टांगा पाठवा मला आणायला.”

सगळे हसले. ‘सुखनिवास’ सोसायटीची मीटिंग नेहमीप्रमाणे सेक्रेटरीच्या, म्हणजे श्यामसुंदरच्या, बैठकीच्या खोलीत भरली होती. आठ बिऱ्हाडांचे आठ पुरुष पंख्याखालची जागा धरून बसले होते. आत स्वयंपाकघरात कुंदा चहाचे आधण ठेवून ऐकत होती. श्यामसुंदर तिचा धाकटा भाऊ. नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडे राहत होती. आधी गिरगावातल्या खोलीत, आता मुलुंडच्या या तिसऱ्या मजल्यावर. या माणसांच्या मीटिंगा तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. कचऱ्याचा विषय निघाल्यावर येते तशी तरतरी त्यांना दुसऱ्या कशाने आलेली तिने पाहिली नव्हती.

मालन तोवर दीड रुपया घेत असे. रोज मागच्या लोखंडी जिन्याने ती वर यायची, दाराबाहेरच्या बादल्या आपल्या टोपलीत उलट्या करायची आणि सगळे नाक्यावरच्या पेटीत नेऊन टाकायची. तो गोल फिरणारा जिना तिच्यापुरताच बांधलेला होता. बाकी कुणी त्यावर पाय ठेवत नसे. पुढचा जिना शहाबादी फरशीचा, तो माणसांचा.

“तबेल्यातला भय्या फुकट न्यायला तयार आहे,” श्यामसुंदर पुढे वाचू लागला. “पण फक्त साली आणि देठं. राख नको, केस नकोत, मडकी नकोत.”

“म्हणजे त्याच्या म्हशींचं पथ्य आपण सांभाळायचं!” बँकेतले शरच्चंद्र आठल्ये म्हणाले.

“तेच तर. आता तिसरा ऐका. भांडुपचा दशरथ ठेकेदार. बैलगाडी रोज फाटकापाशी येईल. घरटी बारा आणे.” श्यामसुंदरने सगळ्यांकडे एकवार पाहिले. “दोन रुपये कुठे आणि बारा आणे कुठे!”

“पण तो वर येणार नाही ना रे. खाली कोण नेणार?”

“त्यात काय? घरोघरी कुणीतरी असतंच की.”

आठही माना हलल्या. चहा गाळता गाळता कुंदाने त्या ‘कुणीतरी’चा हिशेब लावला. हे आठ पुरुष त्यात नव्हते. त्यांच्या बायकाही नव्हत्या. तिची भावजय क्षमा तर बादलीला बोट लावायची नाही. आठल्यांकडे म्हातारी आई होती. पहिल्या मजल्यावर गावाहून आणलेली पोरकी पुतणी होती. श्यामसुंदरकडे ती होती.

दर ठरला. चहा झाला. तिन्ही दरांचा तक्ता श्यामसुंदरने सुंदर अक्षरात लिहून खाली फळ्यावर लावला. लाल शाईने बचत अधोरेखित केली. ‘कुणीतरी’ला त्यात रकाना नव्हता.

दुसऱ्या सकाळी कुंदा बादली घेऊन मागच्या जिन्याने उतरली. पहिले काही दिवस त्या गोल वळणांनी तिला घेरी यायची. मग सवय झाली. सवय झाली की माणसाकडे कामे चालत येतात. आठल्यांच्या आईचे गुडघे धरले. “कुंदाताई, तुम्ही जाताच आहात, तर आमची तेवढी...” पुतणीचे लग्न झाले. जाताच आहात, तर. दिवाळीपर्यंत आठही बादल्या तिच्याकडे आल्या. कुणाला त्याचे वाईट वाटत असेल, तर ते त्यांनी फार चांगले लपवले.

कुंदाला मात्र सगळ्यांची घरे कळू लागली. आमच्याकडे अंड्याला शिवत नाहीत म्हणणाऱ्या आठल्यांच्या बादलीत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेली टरफले निघायची. ती हसायची नाही. नाक मुरडून पुढच्या बिऱ्हाडाकडे वळायची.

एकदा फाटकाबाहेर मालन भेटली. तिला समोरच्या इमारतीत काम मिळाले होते.

“बाई, तुम्ही?”

“मीच.”

“किती देत्यात?”

“काही नाही.”

मालनने तोंडाला पदर लावला, पण हसू लपले नाही. “मग मी महागच पडणार की वो.” दोन पावले जाऊन ती वळली. “तळाला राख घाला, बाई. वर वल्लं टाका. मग गळत न्हाई. जिना घाण हुत न्हाई.”

आजवर मालनच्या टोपलीत काही टाकायचे झाले की कुंदा वरूनच, हात लांब धरून टाकत आली होती. कुंदाचे काम हलके व्हावे म्हणून त्या घरात कधी कुणी एक शब्द बोलले नव्हते. तो मालन बोलली. कुंदा राख घालू लागली.

माघातल्या एका रविवारी श्यामसुंदरचे ऑफिसातले साहेब, जयवंत पालेकर, जागा बघायला आले. श्यामसुंदर फाटकापाशी त्यांना सोसायटीचा कारभार समजावून देत होता, तेवढ्यात कुंदा मागून दोन बादल्या घेऊन आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

“वा! बाई चांगली मिळालीय रे,” पालेकर म्हणाले. “काय घेते?”

श्यामसुंदरने कुंदाकडे पाहिले. तीही बादल्या न ठेवता थांबली. आई गेल्यावर याला तिने न्हाऊमाखू घातले होते, बोट धरून शाळेत पोचवले होते. ‘माझी बहीण’, एवढे दोनच शब्द त्याला बोलायचे होते. त्याने खाकरून घसा साफ केला.

“स्वस्तात पडते,” तो म्हणाला.

दुपारी जेवताना त्याने दुसऱ्यांदा आमटी घेतली. “ताई, झकास झालीय हं,” तो म्हणाला. चार भिंतींच्या आत ती ताई होती. कुंदाने वाढले. तिला राग आला नव्हता. रागावण्याइतका मोठा हा माणूस आता तिला दिसतच नव्हता.

सोमवारी सकाळी तिने लग्नाकार्याला नेसायची करड्या काठांची साडी नेसली. आपल्या घरच्या, बुडाशी झिरपणाऱ्या बादलीतली राख काढून टाकली. तळाला चहाचा चोथा आणि डाळीचे धुवण ओतले, वर भाजीची घाण. पुरुषमंडळींची कचेरीला निघायची वेळ झाली तेव्हा तिने पुढचे दार उघडले आणि पुढच्या जिन्याने उतरायला सुरुवात केली.

ठप. ठप. पायरीगणिक पिवळे थेंब पडत होते. दुसऱ्या मजल्यावर आठल्ये धोतराचा सोगा उचलून भिंतीला चिकटले.

“कुंदाताई, अहो, मागचा जिना...”

“आहे तिथेच आहे,” ती म्हणाली.

खालचे दोघे डबे छातीशी धरून बाजूला झाले. इतक्या आदराने त्यांनी तिला कधीच वाट दिली नव्हती. फाटकाबाहेर दशरथची गाडी उभी होती आणि फाटकाच्या आत हातात छत्री घेतलेला श्यामसुंदर.

“ताई, हे काय मांडलंयस?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “लोक बघतायत.”

“मग सांग ना त्यांना, मी कोण ते.”

श्यामसुंदरने तिच्या मागे पाहिले. जिन्याच्या तोंडाशी सगळे सभासद उभे होते.

“माझे हात मोकळे नाहीत, श्याम,” कुंदा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. “फाटक उघड.”

त्याने छत्री काखेत मारली, कडी काढली आणि ती बाहेर पडेपर्यंत फाटक धरून उभा राहिला.

वर सात बादल्या सात दारांबाहेर तशाच होत्या. पुढच्या जिन्यावर तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत पडलेले थेंब संध्याकाळपर्यंत वाळून घट्ट झाले. कचेरीतून परतलेले आठही पुरुष त्यांना चुकवत, पाय जपत वर गेले. कुणीतरी पुसेल, अशी सगळ्यांची समजूत होती.